बाल्त्सच्या डाव्या डोळ्यासाठी

मी, मेल्खिओर राइनर, वय वर्षे एक्क्याऐंशी, कापडगिरणीच्या टूलरूममधला निवृत्त फिटर, राहणार हिंटरआउ, ग्लारुस, आज पूर्ण शुद्धीत, सकाळच्या कॉफीखेरीज पोटात काही नसताना आणि कोणीही कानाशी लागलेले नसताना, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे आणि माझ्या वैरांचे काय करावे ते सांगून ठेवीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाले तर तो माणूस खोटारडा समजावा.

आमच्या कायद्यात माणसाने स्वतःच्या हाताने सगळे लिहून खाली तारीख आणि सही घातली की भागते, साक्षीदार लागत नाहीत. मला ते जमण्यासारखे राहिलेले नाही. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एकेक करडा डाग बसला आहे. ज्याच्याकडे बघावे ते नेमके नाहीसे होते आणि आजूबाजूचे दिसत राहते. तीनशे मीटरवरचे काळे वर्तुळ ज्याने उभा जन्म बघितले त्याला आता समोरच्या बशीतले चीज चाचपून शोधावे लागते. सबब मी बोलतो आहे आणि नोटरी लेओनी हेफ्टी लिहिते आहे. शेवटी ती हे सगळे दोन साक्षीदारांसमोर मला वाचून दाखवील. तिचे आजोबा आणि मी लष्करात एकाच बराकीत घोरत होतो, म्हणून ती मला काका म्हणते.

तिने सुरुवातीलाच बजावले, "काका, मुद्द्याचं तेवढंच सांगा हं. हे मृत्युपत्र आहे, आत्मचरित्र नाही."

मी म्हणालो, "तू लिही गं. मेल्यावर मला कोण विचारणार आहे?"

कलम पहिले. राहते घर, मागची बाग आणि लाकडांची खोपी ही स्थावर मालमत्ता माझी एकुलती एक मुलगी रेगुला हिला मिळावी. ती विंटरथूरला असते. ती घर विकणार हे मला ठाऊक आहे, आणि तिने विकावे. फक्त जाहिरातीत ‘डोंगराचा सुंदर देखावा’ असे घालू नये. हिवाळाभर त्या डोंगरामुळे या घरावर ऊन पडत नाही. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आग्ताने, त्या अंधारात बसून जन्मभर लोकांचे कपडे शिवले. घेणाऱ्याला खरे ते सांगावे.

कलम दुसरे. बँकेत जे असेल त्यातून माझी मूठमाती उरकावी, उरेल ते रेगुलाचे. आग्ताचे शिलाई मशीनही तिचेच. मूठमातीला आमच्या नेमबाज मंडळाचा झेंडा आणू नये. मंडळाचा सभासद गेला की ते झेंडा घेऊन येतात आणि कबरीवर तीनदा झुकवतात. माझ्यासाठी कोणी काही झुकवू नये. जिवंतपणी ज्यांची मान झुकली नाही त्यांनी मेल्यावर कापड झुकवून माझ्यावर उपकार करू नयेत.

कलम तिसरे. लेथ, कानशी, कॅलिपर आणि खोपीतली बाकीची हत्यारे ज्याला हवी त्याने न्यावीत. मी काम शिकणाऱ्या उमेदवार पोरांच्या शाळेत विचारून पाहिले. त्यांच्याकडे आता सगळे संगणकावर चालते, त्यांनी फार गोड बोलून नको म्हटले. लोखंड आवळून धरायचा माझा मोठा व्हाइस शेजारचे काश्पर त्सोप्फी यांना दिला असे समजावे. त्यांनी तो आपल्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी फाटक दुरुस्त करायला नेला होता. त्या मुलीचा घटस्फोटसुद्धा झाला, व्हाइस आला नाही. निदान आता त्यांना तो उजळ माथ्याने वापरता येईल.

कलम चौथे. माझी कार्बाइन, तिच्यावरची दुर्बीण आणि त्या दोहोंना जोडणारी पोलादी बैठक हे तिन्ही, एकमेकांपासून न सोडवता, माझा धाकटा भाऊ बाल्थासार राइनर ऊर्फ बाल्त्स याला मिळावे. हे मृत्युपत्र मी मुळात या एका कलमासाठी करतो आहे.

कार्बाइन आमच्या बाबांची. युद्धाच्या वर्षांत ती खांद्याला लावून त्यांनी सरहद्दीवर पहारे केले. फौजेतून सुटताना सरकारने ती त्यांच्याकडेच राहू दिली, आणि त्यांच्यामागे थोरला म्हणून माझ्याकडे आली. खरे तर ती बाल्त्सकडे जायला हवी होती. मी बरा नेमबाज होतो. त्याच्यासारखा सगळ्या खोऱ्यात दुसरा नव्हता. पण आमच्या घरात थोरल्याला बंदूक आणि धाकट्याला गायी, अशी पद्धत. त्याने गायी घेतल्या, मंडळाची उसनी कार्बाइन घेऊन दरवर्षी उन्हाळी मेळ्यात बिल्ला मिळवला, आणि वर मला विचारायचा, "बाबांची बंदूक कशी आहे रे, मेल्क? तुझा नेम बघून तिने जीव नाही ना दिला अजून?" त्याच्या टोपीवर इतके बिल्ले होते की टोपी कुठल्या रंगाची आहे ते त्याच्या बायकोलाच ठाऊक असावे.

मग एका पानगळीत रानात बीचचे झाड तोडताना वाकलेली फांदी सुटली आणि त्याचा उजवा डोळा गेला. डॉक्टरांनी काचेचा बसवला. बाल्त्स उजव्या खांद्याचा माणूस. त्याने बंदूक डाव्या खांद्याला लावून पाहिली. बोल्टची मूठ उजव्या अंगाला, हात पोचेना. दोन-चार गोळ्या झाडून त्याने ती खाली ठेवली आणि म्हणाला, "दुसऱ्याच्या बायकोबरोबर नाचल्यासारखं वाटतंय." सगळे हसले, तोही हसला. त्यानंतर तो चांदमारीवर यायचा बंद झाला. शनिवारी मी मैदानावर जाताना तो गोठ्याच्या दारात बसलेला दिसे. वर बघत नसे.

आमची कार्बाइन रिकामी पुंगळी सरळ वर फेकते. म्हणून दुर्बीण तिच्या डोक्यावर बसवता येत नाही, पुंगळी येऊन आपटते. हौशी लोक ती डाव्या बाजूला टांगतात आणि मग गाल दस्त्यावर टेकत नाही म्हणून कुरकुरतात. एका रविवारी चर्चमध्ये मी बाल्त्सच्या मागच्या बाकावर बसलो होतो. त्याचे डोके बघता बघता माझ्या मनात आले, दुर्बीण आणखी थोडी डावीकडे नेली तर? दस्ता त्याच्या उजव्या खांद्यालाच राहील, गाल नेहमीच्या जागीच टेकेल, आणि बघेल तो डाव्या डोळ्याने. त्या दिवशी प्रवचन कशावर होते ते मला आग्ताने घरी येऊन विचारले आणि मला सांगता आले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गोठ्यात जाऊन मी कॅलिपरने त्याच्या दोन डोळ्यांमधले अंतर घेतले. एका बाजूला बुबुळ, दुसऱ्या बाजूला काच.

"हलू नकोस," मी म्हणालो.

"काचेचा हलत नाही. तू दुसऱ्याची काळजी कर. आणि मेल्क, ऐक. बाबांच्या बंदुकीला एक जरी भोक पाडलंस ना, तर तुला पाडीन."

भोक पाडले नाही. बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी पेटीत दोन भोके पाडून स्क्रू मारणे कोणालाही आले असते. मी मॅगझिनच्या खाचेत आणि त्या पेटीच्या कडेला दोन्हीकडून पकडणारी बैठक केली. पहिली वाकली. दुसरी धक्क्याने सैल झाली आणि गोळ्या कुरणभर पांगल्या. तिसरी मी, गिरणी मोडीत निघाली तेव्हा भंगारातून आणलेल्या मागाच्या दांड्यातून कापली, आणि सगळा हिवाळा ती कानशीने घासत बसलो. आग्ता तेव्हा आजारी होती. ती वरच्या खोलीतून विचारायची, "झालं का रे बाल्त्सचं?" झाले तेव्हा ती हे विचारायला नव्हती.

वसंतात आम्ही दोघेच संध्याकाळी मैदानावर गेलो. इतकी बाजूला टांगलेली दुर्बीण जवळच्या निशाणावर चुकते, गोळी उजवीकडे पडते. पण तीनशे मीटरवर काच आणि नळी एकाच ठिकाणी बघतील अशी मी ती तिरकी बसवली होती. बाल्त्स पोटावर झोपला, गाल दस्त्यावर टेकवला. मग चाप ओढला. बोल्ट मागे खेचल्यावर पुंगळी वर उडाली आणि दुर्बिणीला न शिवता गवतात पडली. गोळी मधल्या वर्तुळात होती. तो उठला नाही. तसाच झोपून म्हणाला, "मेल्क, दिसतंय रे." मी सत्तरीचा होतो आणि मला रडू आले. माझ्या हातून आयुष्यात एवढे एकच काम अगदी बरोबर झाले.

इथे लेओनीने टंकन थांबवून विचारले, "काका, हे सगळं कलमात घ्यायचं?"

"घ्यायचं. अजून मुद्दा यायचाय."

मुद्दा असा. मेळ्यात नेम उघड्या डोळ्याने धरायचा, काच चालत नाही, हा नियम मला ठाऊक होता. म्हणून मी मंडळाचा अध्यक्ष, लाकडाच्या वखारीचा मालक ओस्वाल्ड श्ट्राइफ, याच्याकडे गेलो. त्याने मेळ्याआधीच्या बैठकीत विषय घेतला. आमच्याकडे प्रांताचा कायदासुद्धा उघड्या चौकात हात वर करून होतो. बहुमत कुठे आहे ते वर उभा असलेला माणूस नजरेने ठरवतो, मोजत कोणी नाही आणि कागदही कोणी मागत नाही. मंडळातही तेच.

श्ट्राइफ म्हणाला, "दोन गोष्टी आहेत. बिअरच्या तंबूची वेळ वाढवायची, आणि आपल्या बाल्त्सला काच लावून नेम धरू द्यायचा. डोळा गेला बिचाऱ्याचा, एवढं तर आपण करू शकतो. करा हात वर." सगळे हात वर गेले. मी मागे उभा होतो, मी ते हात बघितले आहेत. तेव्हा माझे डोळे शाबूत होते. श्ट्राइफने नजर फिरवली आणि म्हणाला, "मंजूर." नंतर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "वरच्यांशी मी बोलतो. तू त्याला घेऊन ये." मी कागद मागितला नाही. या खोऱ्यात कोणीच मागितला नसता. हात वर झाला म्हणजे झाला.

मी बाल्त्सला सांगितले. त्याने विचारले, "नक्की ना? मला भीक नकोय."

"नक्की. सगळ्यांनी हात वर केले."

मेळ्यात बाल्त्सने बहात्तरपैकी सदुसष्ट गुण मारले. त्या दिवशी तेवढे कोणाला पडले नाहीत. पण वरच्या संघाचा निरीक्षक न सांगता आलेला होता आणि तंबूत पुढच्या टेबलावर बसला होता. बिल्ले वाटताना श्ट्राइफने बाल्त्सचे नाव पुकारले. बाल्त्स टोपी हातात घेऊन पुढे गेला. श्ट्राइफ निरीक्षकाकडे बघत म्हणाला, "सदुसष्ट! अहो, चंद्र बघायची दुर्बीण मिळाली तर माझी सासूसुद्धा सदुसष्ट मारेल. बिल्ला उघड्या डोळ्याच्या माणसांना. आपल्या बाल्त्सला एक सॉसेज, आणि मोहरी जरा जास्त!"

तंबू हसला. ज्यांनी हात वर केले होते तेही हसले. बाल्त्सने सॉसेज घेतले, तिथेच उभे राहून सगळे खाल्ले आणि रुमालाला हात पुसले. मी धावत पुढे गेलो आणि श्ट्राइफला विचारले, "हात वर झाले होते की नाही?"

"तंबूच्या वेळेसाठी झाले होते, मेल्खिओर. तुझा काहीतरी घोटाळा झालाय."

मी तंबूत सगळ्यांच्या तोंडाकडे बघितले. एकही माणूस बोलला नाही. बाल्त्स मला म्हणाला, "तू सांगितलंस मंजूर आहे म्हणून."

"होतंच. बाल्त्स, सगळ्यांनी—"

"तुला तुझी कारागिरी दाखवायची होती लोकांना. मला उभं केलंस खुंटीसारखं, तुझी वस्तू टांगायला."

त्या वर्षी त्याने गायी विकल्या आणि डोंगरापलीकडे टॉगेनबुर्गला बायकोच्या गावी राहायला गेला. अकरा वर्षे झाली. माझी पत्रे न फोडता परत आली. पाकिटावर त्याच्या हाताने लिहिलेले असे, ‘घेतले नाही’. फोनवर माझा आवाज ऐकला की ठेवून देत असे. मी एकदा दारात जाऊन उभा राहिलो. त्याच्या बायकोने खिडकीतून सांगितले, "मेल्क, जा रे. त्रास होतो त्यांना."

आता मृत्युपत्र का, तर ते लेओनीनेच मला समजावून सांगितले. मी मेल्यावर हा कागद कचेरीत उघडला जाईल आणि ज्याला ज्याला काही दिले आहे त्याला त्याच्या कलमाची नक्कल कचेरी पाठवील. ती परत आली तर पुन्हा पाठवील. भावाचे पत्र न फोडता परत करता येते, सरकारचे येत नाही. म्हणून बाल्त्स, हे तुझ्यासाठी आहे. हात वर झाले होते. मी तुला खोटे सांगितले नाही. मला माझी कारागिरी कोणाला दाखवायची नव्हती. तू शनिवारी गोठ्याच्या दारात बसायचास ते मला बघवत नव्हते. तू जिवंतपणी माझ्यावर विश्वास ठेवशील ही आशा मी सोडली आहे. आता मला खोटे बोलून काहीही मिळणार नाही, तेव्हा आता तरी ठेव.

लेओनी म्हणाली, "काका, बंदूक नको असेल तर ते वारसा नाकारू शकतात बरं."

"नाकारू दे की. नाकारायला तरी वाचावं लागेल."

कलम पाचवे. ओस्वाल्ड श्ट्राइफ जिवंत आहे तोवर दरवर्षी मेळ्याच्या संध्याकाळी माझ्या मालमत्तेतून एक सॉसेज, मोहरी जरा जास्त, त्याच्या टेबलावर पाठवावे. पाठवणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगावे. लेओनीने विचारले, यातून बदनामीचा खटला होईल का. सॉसेज देण्यात बदनामी नाही, असे मंडळाच्या अध्यक्षांचेच मत आहे.

कलम सहावे. ज्यांनी हात वर केले आणि नंतर तोंड उघडले नाही त्यांना मी काहीही देत नाही. त्यांच्यापैकी कोणी माझ्या पेटीला खांदा देऊ नये. त्यांची नावे मी सांगितली होती, लेओनीने ती गाळली. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत.

पुरवणी. वरील मजकूर मी मार्चमध्ये सांगितला, पण त्यावर सही केली नाही. लेओनीला बाल्त्सचा पत्ता खात्रीचा हवा होता. तिने टॉगेनबुर्गला लिहिले. उत्तर वृद्धाश्रमातून आले. त्याची बायको वारली होती, आम्हाला कोणी कळवले नाही. दोन वर्षांपासून तो आश्रमात होता, आणि त्याची आठवण जात चालली होती. खाली नर्सने हाताने लिहिले होते, "यांना भेटायला कोणी येत नाही. आलात तर बरे होईल."

मी गेलो. मला फलाटांवरच्या पाट्या वाचता येत नाहीत, लोकांना विचारत विचारत गाड्या बदलल्या. नर्सने मला खोलीत नेले आणि म्हणाली, "बाल्त्सआजोबा, पाहुणे आलेत." तो खिडकीशी बसला होता. मला त्याचा चेहरा दिसला नाही, चेहऱ्याच्या भोवतीचे केस दिसले. सगळे पांढरे.

"या, बसा," तो म्हणाला. "तुम्ही कुठले?"

सख्ख्या भावाने जन्मात पहिल्यांदा मला अहो-जाहो केले. मी म्हणालो, "ग्लारुसकडचा."

"अरे वा, मीही तिकडचाच. हिंटरआउचे राइनर माहीत आहेत का तुम्हाला?"

"थोडेफार."

"त्यांच्यातल्या थोरल्यापासून जपून राहा हं. नावालाच भाऊ." आणि त्याने मला तंबूची सगळी हकिकत सांगितली. बायकोचे नाव त्याला आठवत नाही. गायी कुठे गेल्या म्हणून तो रोज विचारतो. हे एवढे मात्र शाबूत आहे, आणि तेही बदलले आहे. त्याच्या हकिकतीत आता श्ट्राइफ नाही. टेबलामागे मी उभा असतो. चंद्राच्या दुर्बिणीचे मी बोलतो. सॉसेज मी हातात देतो. मी हे सगळे शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणालो, "वाईट झालं हो."

पुढच्या शनिवारी मी हिय्या करून विचारले, "समजा, तो भाऊ इथं आला तर?" तो खुर्ची धरून उठला. "येऊ देऊ नका. नर्सबाईंना सांगा, दार लावा म्हणावं." त्याला शांत करायला पुष्कळ वेळ लागला. शांत झाल्यावर त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "तुम्ही मात्र येत जा हो. तुमच्याशी बोलून बरं वाटतं."

तेव्हापासून मी दर शनिवारी जातो. आम्ही नासपतीचा पाव खातो. तो मला गायींची नावे सांगतो, मी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकतो. माझे नाव त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. ऑगस्टमध्ये मी कार्बाइनवरून बैठक आणि दुर्बीण उतरवली, पिशवीत घातली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती लगेच डाव्या डोळ्याला लावली आणि समोरच्या उतारावर बघू लागला. मग बैठकीच्या कडांवरून अंगठा फिरवला.

"ही कोणी केली हो?"

"आमच्याकडच्या एका फिटरनं."

"माणूस जाणता होता. भोक न पाडता धरते, बघितलंत का? आमच्या थोरल्याला दाखवा ही. त्यालाही असलं काहीतरी करायचं होतं. नाही जमलं त्याला."

"दाखवतो," मी म्हणालो. परतीच्या गाडीत मी रडलो, आणि समोर कोण बसले आहे ते दिसत नसल्यामुळे लाजही वाटली नाही.

सबब कलम चौथे मी रद्द करतो. बाल्त्सला कसलीही नक्कल पाठवू नये आणि त्यातले काही वाचून दाखवू नये. लेओनी म्हणाली, "मग तो मजकूर काढून टाकते, काका." मी नको म्हटले. सही करण्यापूर्वी तिला सगळे मोठ्याने वाचावे लागते. हात वर झाले होते हे ती आणि दोन साक्षीदार, एवढ्या तीन माणसांनी तरी ऐकावे. ज्याने ऐकायला हवे होते तो ऐकण्याच्या पलीकडे गेला. मी निर्दोष आहे हे पटवायला मी अकरा वर्षे घालवली, आणि आता पटण्याची सोयच राहिली नाही. मला कशाचीही आशा उरलेली नाही, हे मी शुद्धीत सांगतो.

दुर्बीण आणि बैठक बाल्त्सच्या खिडकीत आहेत, त्या तिथेच राहाव्यात. त्या त्याला पाहुण्याने दिल्या आहेत, माझ्या मालमत्तेत धरू नयेत. कार्बाइन हत्यारांच्या कचेरीत जमा करावी. ते ती यंत्रात घालून चुरडतात, चुरडू दे. रेगुलाने मला स्पष्ट सांगितले आहे, "बाबा, घरात मुलं आहेत, बंदूक माझ्याकडे नको." तिचे बरोबर आहे. मंडळाला ती कदापि देऊ नये. चुरडण्यापूर्वी दस्त्याच्या पोलादी पट्टीचे दोन स्क्रू काढावेत. आत बाबांच्या नावाची चिठ्ठी आहे, ती माझ्या कोटाच्या खिशात घालावी. कलम पाचवे आहे तसेच कायम.

कलम शेवटचे. आमच्याकडे माणूस गेला की पेपरात काळ्या चौकटीत त्याच्या मागे राहिलेल्यांची नावे छापतात. रेगुलाने माझ्या चौकटीत बाल्त्सचे नाव छापू नये, आणि चौकट टॉगेनबुर्गच्या पेपरात देऊ नये. आश्रमात दुपारच्या कॉफीला पेपर मोठ्याने वाचतात. आपला थोरला गेला हे ऐकून त्याला वाईट वाटेल, किंवा हायसे वाटेल. दोन्ही मला नको आहे.

मी गेल्यावर येणाऱ्या पहिल्या शनिवारी तो दाराकडे बघत बसेल. नर्स म्हणते, सकाळपासूनच बसतो. कोणीतरी फोन करून तिला एवढे सांगावे, आणि तिने त्याला सांगावे, की पाहुण्यांची नजर अगदीच गेली, आता त्यांना एकट्याने येणे जमत नाही. भाऊ म्हणून मी सांगितलेले त्याने खरे मानले नाही. पाहुण्याचे तो मानील.

मेल्खिओर राइनर
(सही)

वरील संपूर्ण मजकूर आम्हा दोघांच्या समक्ष नोटरींनी राइनर यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी तो ऐकून आपल्या इच्छेप्रमाणे असल्याचे सांगितले. ते शुद्धीवर होते. सहीची जागा त्यांना दिसत नसल्याने कागदावर पट्टी धरून दाखवली. आम्ही दोघे त्यांचे नातेवाईक नाही आणि आम्हाला यातून काही मिळत नाही. चौथे कलम रद्द असले तरी आम्ही ते पूर्ण ऐकले, हे राइनर यांच्या विनंतीवरून इथे नमूद करतो.

साक्षीदार:
१. येनी डूर्स्ट, बेकरी, हिंटरआउ (सही)
२. थोमास बिग्लर, पोस्टाच्या बसचा चालक, हिंटरआउ (सही)

माझ्यासमोर: लेओनी हेफ्टी, नोटरी (सही, शिक्का)

स्थळ: हिंटरआउ, ग्लारुस
दिनांक: १६ ऑक्टोबर २०२५